सगळेच बगळे सारखे नसतात

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गाला मी ‘माझा आवडता पक्षी’ या विषयावर मराठीत दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. आमची शाळा उर्दू माध्यमाची, रायगडच्या खाडीपट्ट्यातली. मुलांना ‘ळ’ लिहायचा कंटाळा, कारण उर्दूत हे अक्षरच नाही. म्हणून बहुतेकांनी मोर, पोपट नाहीतर कबूतर निवडलं. एका मुलाने मात्र बगळा निवडला आणि ‘ळ’ प्रत्येक वेळी नीट काढला. त्याने लिहिलं होतं, ‘आमच्या गावात पांढरे बगळे पाच प्रकारचे आहेत.’ मी ‘पाच प्रकारचे’ या शब्दांखाली लाल रेघ मारली आणि समासात शेरा दिला, ‘बगळा एकच असतो.’

वही परत मिळाल्यावर तो टेबलाजवळ आला. म्हणाला, “सर, कब्रस्तानातल्या चिंचेवरचे वेगळे आणि खाडीतले वेगळे. पाहिजे तर अब्बांना विचारा.” त्याचे अब्बा खाडीत जाळं टाकतात. मी त्याला “बरं, बघू” म्हणून जागेवर पाठवलं. शिक्षक असं बऱ्याचदा करतो.

चिंचेचा विषय निघाला म्हणून मला थोडी बोच लागली होती, हे खरं. त्याच पावसाळ्यात गावात एक अर्ज फिरला होता. कब्रस्तानच्या कडेच्या चिंचेवर दरवर्षी बगळे घरटी करतात. खाली विष्ठेचा सडा पडतो, वास येतो, जनाज्याला आलेल्या लोकांच्या कपड्यांवर घाण पडते. अर्जात आणखी एक तक्रार होती: हे बगळे खाडीतले मासे फस्त करतात. फांद्या तोडाव्यात, असं खाली लिहिलं होतं. सह्यांमध्ये माझीही सही होती. मास्तरांची सही असली की अर्जाला वजन येतं, असं मला सांगण्यात आलं आणि मला ते आवडलं. जुलैच्या एका सकाळी दोन मोठ्या फांद्या उतरवल्या गेल्या. फांद्यांबरोबर घरटी आली, घरट्यांबरोबर पिल्लं आली. घाबरलेल्या पिल्लांनी पोटातलं सगळं ओकून टाकलं. पक्ष्यांची पिल्लं भेदरली की तसं करतात. संध्याकाळपर्यंत त्यांतलं एकही जिवंत राहिलं नाही.

त्या मुलाने निबंधात पुढे लिहिलं होतं, ‘पडलेल्या पिल्लांच्या तोंडातून नाकतोडे आणि बेडूक निघाले. मासे नाही निघाले.’ ही ओळ मी शुद्धलेखन तपासून पुढे गेलो होतो. घरी आल्यावर ती पुन्हा आठवली. मासे खाल्ल्याचा आरोप ज्यांच्यावर होता ते वेगळे, आणि शिक्षा झाली ती वेगळ्यांना. ओळखण्यात चूक झाली होती आणि त्या चुकीवर माझी सही होती.

त्यानंतर मी बगळ्यांबद्दल वाचायला लागलो. वाचता वाचता कळलं, की पांढऱ्या पक्ष्यांना एका नावात कोंबण्याची चूक आमच्या गावाने पहिल्यांदा केलेली नाही. तिला मोठा इतिहास आहे. तो आपल्या दोन्ही भाषांतून जातो, इजिप्तमधून जातो आणि मुंबईच्या बंदरातूनही जातो.

गोष्टीतला ढोंगी

बगळ्याची बदनामी फार जुनी. पंचतंत्रात म्हातारा झालेला एक बगळा तळ्याकाठी साधूसारखा उभा राहतो, माशांना दुसऱ्या तळ्यात नेतो सांगून एकेक करून खातो, आणि शेवटी खेकडा त्याची मान तोडतो. मराठी मुलं ही गोष्ट पंचतंत्रातून शिकतात. उर्दूत ती वेगळ्या रस्त्याने आली. सहाव्या शतकात इराणचा बादशहा नौशेरवान याच्या दरबारातला हकीम बर्झुया याने पंचतंत्राच्या गोष्टी पहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्नुल मुकफ्फा याने त्यांचं अरबीत ‘कलीला व दिम्ना’ केलं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या हुसैन वाइज काशिफीने फारसीत ‘अनवारे सुहैली’ लिहिलं, आणि अकबराच्या काळात अबुल फजलने त्याच गोष्टी सोप्या फारसीत ‘इयारे दानिश’ या नावाने मांडल्या. तिथून त्या उर्दूत आल्या. म्हणजे मी सकाळी उर्दूच्या तासाला शिकवतो तो ‘बगुला भगत’ आणि दुपारी मराठीच्या तासाला शिकवतो तो ‘बकध्यान’ लावणारा बगळा एकाच तळ्यावरून निघाले, एक इथेच राहिला आणि दुसरा बगदाद-हेरात फिरून परत आला.

दोन्ही भाषांमध्ये त्याच्यावरचा आरोप एकच: वरून सफेद, आतून काळा. पण खाडीवर जाऊन पाहिलं की लक्षात येतं, निश्चल उभं राहणं ही त्याची शिकारीची रीत आहे, ढोंग नव्हे. आणि सगळे पांढरे बगळे उभेही राहत नाहीत. एक जण पाय हलवून चिखल ढवळतो आणि दचकून निघालेलं मासोळं टिपतो. एक जण तर पाण्यात उतरतच नाही, म्हशीच्या खुरांशेजारी चालत किडे वेचतो. गोष्टीने सगळ्यांना मिळून एक स्वभाव दिला. गोष्टीला ते चालतं. अडचण तेव्हा होते, जेव्हा आपण गोष्ट वाचून शेजाऱ्याला ओळखायला निघतो.

विद्वानांची चूक

नाव देणाऱ्या विद्वानांकडूनही चूक झालीच. स्वीडनचा फ्रेडरिक हासेलक्विस्ट हा कार्ल लिनियस यांचा विद्यार्थी. वनस्पती आणि प्राणी गोळा करण्यासाठी तो १७४९ साली पूर्वेकडे निघाला आणि इजिप्त, फलस्तीन पाहत फिरला. १७५२ साली स्मर्ना, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझमीरजवळ, तो वारला. वय अवघं तीस. त्याच्या नोंदी लिनियस यांनी १७५७ साली छापल्या. नाईलच्या खोऱ्यात शेताशेतांत फिरणारा एक लहान पांढरा पक्षी पाहून हासेलक्विस्टला वाटलं होतं, की प्राचीन मिसरी लोक ज्याची पूजा करत तो ‘आयबिस’ हाच. लिनियस यांनी १७५८ साली त्या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं, तेव्हा त्यात ‘आयबिस’ हा शब्द आला.

तो पक्षी आयबिस नव्हता. तो आपला गायबगळा होता, किंवा त्याचा पश्चिमेकडचा भाऊ. खरा आयबिस म्हणजे डोकं आणि मान काळी, चोच विळ्यासारखी वाकलेली. त्याच्याच जातकुळीतल्या पक्ष्याला आपल्याकडे शराटी म्हणतात. नेपोलियनच्या मिसर मोहिमेच्या सुमारास आणलेल्या पक्ष्यांच्या ममी फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी तपासल्या आणि १८०० साली ही चूक दाखवून दिली. मोहिमेबरोबर गेलेले साव्हिन्यी यांनी १८०५ साली आयबिसवर पूर्ण पुस्तकच लिहिलं. पण शास्त्रीय नावांचा नियम असा, की आधी दिलेलं नाव टिकतं. चूक कळली तरी नाव राहिलं. आजही त्या बगळ्याच्या नावात दुसऱ्याच पक्ष्याचं नाव आहे.

गंमत अशी, की ज्या फल्लाहाच्या शेतात हासेलक्विस्टने तो पक्षी पाहिला, त्या शेतकऱ्याला ओळखीची काहीच अडचण नव्हती. मिसरी अरबीत त्याला ‘अबू किरदान’ म्हणतात. किरदान म्हणजे गोचीड. गुरांच्या अंगावरचे गोचीड खाणारा तो अबू किरदान. त्याला तिथे ‘शेतकऱ्याचा दोस्त’ असंही म्हणतात. आपल्याकडे तोच गायबगळा. पुढे शास्त्रज्ञांनी त्याच्या गटाला लॅटिनमधून नाव दिलं, त्याचा अर्थही गुराखी असाच होतो. जे नाव द्यायला विद्वानांना शंभर वर्षं लागली, ते गुरं राखणाऱ्यांच्या तोंडी होतंच.

पिसांचा बाजार

यानंतरचा इतिहास रक्ताचा आहे. विणीच्या काळात बगळ्यांच्या पाठीवर, छातीवर किंवा डोक्यावर झिरझिरीत लांब पिसं येतात. अशी पिसं पगडीत खोवणं हा आपल्याकडे जुना मान. मुघल दरबारात कलगी मिळणं म्हणजे इज्जत मिळणं. आपल्या शाहिरीतले कलगीवाले आणि तुरेवाले हे दोन फडही पगडीवरच्या याच दागिन्यांची नावं मिरवतात. पण दरबारात मानाच्या चार माणसांनी कलगी लावणं वेगळं आणि बाजारात तिची फॅशन होणं वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन, पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या बायकांच्या हॅटवर ही पिसं आली आणि मागणीला अंत उरला नाही. वजनाला वजन धरलं तर त्यांचा भाव सोन्याच्या वर गेला.

पिसं येतात ती विणीतच. म्हणजे शिकारी पोचणार तो घरट्यांवरच. मोठे पक्षी मारायचे, पाठीची पिसं उपटायची आणि निघून जायचं. घरट्यातली पिल्लं उपाशी मरायची. याविरुद्ध सगळ्यात आधी उठल्या त्या बायकाच. १८८९ साली मँचेस्टरजवळ डिड्सबरी इथे एमिली विल्यमसन यांनी पिसं न वापरण्याची शपथ घेणाऱ्या बायकांची संस्था काढली. तिचीच पुढे ब्रिटनची मोठी पक्षीसंरक्षण संस्था झाली. १८९६ साली अमेरिकेत बोस्टनमध्ये हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी ओळखीच्या घरांत चहाला जाऊन असंच काम सुरू केलं. १९०५ साली फ्लोरिडात गाय ब्रॅडली नावाचा पहारेकरी बगळ्यांच्या घरट्यांचं रक्षण करताना गोळी लागून मेला.

हिंदुस्थानात काय झालं, ते आपल्या पुस्तकांत फारसं येत नाही. इथूनही पिसांच्या पेट्या जहाजाने लंडनला जात होत्या. १९०२ साली, लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना, सरकारने रानपक्ष्यांची कातडी आणि पिसं देशाबाहेर पाठवण्यावर बंदी घातली. शहामृगाची पिसं आणि अभ्यासाचे नमुने तेवढे वगळले. मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. बंदरावरच्या कारकुनाला पेटीतलं पीस कोणत्या बगळ्याचं, हे सांगता येणं अवघडच. म्हणून ओळखण्याची जबाबदारीच काढून टाकली गेली: सगळंच बंद. वाचवण्यासाठी सगळ्यांना एक धरलं, तर त्यात कुणाचं नुकसान नाही. मारण्यासाठी सगळ्यांना एक धरलं, की नुकसान होतं. पण बंदीनंतर चोरटा व्यापार सुरू झाला, आणि खुद्द ब्रिटनने पिसांच्या आयातीवर बंदी घालायला १९२१ साल उजाडलं.

याच काळात सिंधमध्ये एक वेगळाच प्रकार चालला होता. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, म्हणजे त्याचा कारभार मुंबईतून चालायचा. तिथल्या मंचर सरोवरावर आणि इतर तळ्यांवर मीरबहर, म्हणजे मोहाणा, हे मुसलमान मच्छीमार राहतात. नावाड्यांची आणि कोळ्यांची ही जमात. यांच्यातल्या काहींनी बगळे पाळायला सुरुवात केली. पाण्याजवळ बोरू-चटयांच्या बंदिस्त जागा करायच्या, त्यांत बगळे ठेवायचे, लहान मासे खायला घालायचे, पक्षी तिथेच अंडी घालायचे, आणि न मारता त्यांची पिसं काढायची. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १९१४ साली या ‘बगळ्यांच्या शेती’वर लेख आला.

यात पक्ष्यांना त्रास नव्हता, असं मी म्हणणार नाही. पिंजरा तो पिंजराच. पण या मच्छीमारांनी कोणता बगळा पाळला ते बघा. सगळ्या पांढऱ्या पक्ष्यांतून त्यांनी लहान बगळा निवडला. काळी चोच, काळे पाय, पिवळी पावलं आणि बारीक, मऊ, वळणदार पिसं असलेला. कोणत्या बगळ्याला केव्हा आणि कुठे पिसं येतात, तो काय खातो, बंदिवासात अंडी घालतो की नाही, हे त्यांना माहीत होतं. लंडनमध्ये पिसांचे व्यापारी ‘आमची पिसं पाळीव पक्ष्यांचीच आहेत’ म्हणून सांगत असत आणि चोरीचा माल त्या नावाखाली खपवण्याची सोय होती. त्यामुळे विरोधकांना बगळ्यांची शेती ही थापच वाटायची. सिंधमध्ये मात्र ती खरोखर होती. खऱ्याला आणि खोट्याला एकाच पेटीत घातलं, की खऱ्याचीही साक्ष कुणी मानत नाही.

मिसरमध्ये अबू किरदानचंही तेच झालं. पिसांसाठी तो इतका मारला गेला, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तिथून जवळपास नाहीसा झाला. १९१२ साली शेतीला उपयोगी पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा तिथे झाला, उरलेल्या घरट्यांवर पहारा बसला आणि दोस्त पुन्हा शेतात दिसू लागला.

एका चिमणीपासून

मुंबईची ही सोसायटी १८८३ साली आठ जणांनी काढली. त्यांत सहा युरोपियन आणि दोन आपले होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम पांडुरंग हे प्रार्थना समाजाचेही संस्थापक. पंचवीसेक वर्षांनी या संस्थेच्या दारात खेतवाडीतला एक बोहरा मुलगा आला. आईवडील लहानपणीच गेलेले, मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवलेला. छऱ्याच्या बंदुकीने त्याने एक चिमणी मारली होती आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. नेहमीच्या चिमणीला असा डाग नसतो. ही खाणं आपल्याला जायज आहे का, असा त्याला प्रश्न पडला. मामांना सांगता येईना. त्यांनी त्याला सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे पाठवलं. मिलार्ड यांनी कपाटाचे खण एकामागून एक उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि एकमेकांसारखे दिसणारे पक्षी कसे वेगळे काढायचे ते समजावलं.

तो मुलगा म्हणजे सलीम अली. १८९६ सालचा जन्म. पुढे आमच्याच जिल्ह्यातल्या किहीमला राहून १९३० साली त्यांनी सुगरणीचा अभ्यास केला. तोवर लोक सुगरणीची घरटी पाहतच होते. पण एकच नर अनेक घरटी विणतो आणि त्यांत वेगवेगळ्या माद्या राहतात, हे त्यांनी रोज बसून पाहिलं. १९४१ साली त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. त्यात पक्ष्याचा आकार सांगायला मापं आहेत ती चिमणी, मैना, कावळा, गावठी कोंबडी यांची. ही मापं कुणाच्याही अंगणात असतात. पक्षी ओळखणं बंदुकीतून आणि संग्रहालयाच्या कपाटातून बाहेर आलं आणि शाळेच्या पोरापर्यंत पोचलं, ते अशा पुस्तकांमुळे. त्याच मुंबईतल्या हुमायून अब्दुलअली यांनी १९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षण कायद्यासाठी काम केलं. आज बगळ्याचं घरटं किंवा अंडी मोडणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. अर्जावर सही करताना मला हेही ठाऊक नव्हतं.

आपल्या समाजात ‘मुसलमानांनी या देशाला काय दिलं’ या प्रश्नाला उत्तर म्हणून सलीम अलींचं नाव घेण्याची पद्धत आहे. नाव जरूर घ्यावं. पण त्या चिमणीचा धडा नाव घेऊन पुरा होत नाही. बाकी मुलांसारखंच त्यांनाही ‘चिमणी ती चिमणी’ म्हणून पुढे जाता आलं असतं.

ओळखायचं कसं

निबंधानंतरच्या रविवारी मी त्या मुलाबरोबर आणि त्याच्या अब्बांबरोबर खाडीवर गेलो. त्यांनी शिकवलं ते आणि पुस्तकात वाचलं ते, दोन्ही मिळून सांगतो. पहिली गोष्ट: रंग बघू नका. रंग सगळ्यांचा पांढराच. चोच, पाय आणि जागा बघा.

गायबगळा सगळ्यांत लहान, आखूड मानेचा, चोच पिवळी. पाण्यापेक्षा गुरांमागे आणि भातखाचरांत जास्त. उन्हाळा सरत आला की त्याचं डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते. त्या वेळी तर शाळेतलं पहिलीचं पोरही त्याला ओळखेल. त्याचं खाणं मुख्यत्वे नाकतोडे, किडे, बेडूक.

लहान बगळा त्याहून उंच आणि सडपातळ. चोच काळी, पाय काळे आणि पावलं पिवळी. तो मुलगा म्हणतो, ‘पिवळे मोजे घातलेला.’ विणीत डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतात.

मध्यम बगळा आणि मोठा बगळा हे दोघे जास्त फसवतात. दोघांचे पाय आणि पावलं काळी, दोघांची चोच एरवी पिवळी आणि विणीत काळी. मोठा बगळा खरंच उंच, जवळपास मीटरभर, मान वाकडी-तिकडी मुडपलेली. तो एकटा असला की उंचीचा अंदाज चुकतो. तेव्हा तोंडाची रेघ बघायची. मोठ्या बगळ्याची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच संपते. दुर्बीण असेल तर हे दिसतं. नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणायचं.

पाचवा समुद्रबगळा. खडकाळ किनाऱ्यावर आणि खाडीच्या तोंडाशी. हा काळपट राखाडीही असतो, पांढराही असतो आणि दोन्ही रंगांचा कबराही असतो. पांढरा असला की थेट लहान बगळ्यासारखा दिसतो. चोच तेवढी जाड, पिवळसर-तपकिरी आणि टोकाकडे किंचित खाली झुकलेली. याच्यापुढे जाणकारही दोनदा बघतात. आणि शेवटी ढोकरी. बसली की मातकट तपकिरी, दिसतही नाही. उडाली की पंख एकदम पांढरेशुभ्र. ती या पाचांत नाही, पण उडताना पाहून लोक तिलाही बगळ्यांत मोजतात.

त्याचे अब्बा कधी शाळेत गेलेले नाहीत. मी विचारलं, “बगळ्यांमुळे तुमची मासळी कमी होते का?” ते हसले. म्हणाले, “मास्तर, त्यांच्या चोचीत बोटाएवढं मासोळं मावतं. आमची मासळी का कमी झाली ते खाडीच्या पाण्याचा रंग बघून सांगता येईल. बगळ्याला कशाला विचारता?”

आपण आणि ते

बीएडला असताना एका प्राध्यापकांनी माझा मराठीचा पाठ पाहून कौतुकाने म्हटलं होतं, “तुम्ही लोक असूनही मराठी फार छान बोलता हो.” त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी हसून शुक्रिया म्हटलं. पण ‘तुम्ही लोक’ मनात राहिलं. माझ्या आजीला उर्दू येत नव्हती, तिची ओवी मराठीतली होती. कोकणातला मुसलमान वेगळा, मराठवाड्यातला दखनी बोलणारा वेगळा. बागवान वेगळे, पिंजारी वेगळे, बोहरा आणि खोजा वेगळे. दुरून पाहणाऱ्याला टोपी दिसते आणि तिथेच ओळख संपते. मग कुठेतरी कुणी काही करतो आणि जाब दुसऱ्याच कुणाला द्यावा लागतो. हे आपण सगळ्यांनी भोगलं आहे, त्यावर आपण लिहितो, बोलतो, चिडतो.

म्हणूनच त्या अर्जावरची सही मला जास्त लागली. ज्या माणसाला आयुष्यभर एका शब्दात कोंबलं गेलं, त्यानेही संधी मिळताच तेच केलं. पक्षी म्हणजे माणसं नव्हेत, आणि मला दोघांची तुलना ताणायची नाही. पण दुरून पाहून निकाल देण्याची सवय एकच असते. ती पक्ष्यांवर चालते तशीच माणसांवर चालते, आणि ती मोडायची रीतही एकच: जवळ जाऊन बघणं आणि रोज बघणाऱ्याला विचारणं.

गायबगळ्याच्या नावाची गोष्ट अर्धी राहिली होती. आपल्याकडच्या गायबगळ्याला १७८३ साली डच निसर्गतज्ज्ञ बोड्डार्ट यांनी वेगळं नाव दिलं होतं, आपल्या पूर्व किनाऱ्यावरून, म्हणजे कोरोमंडलवरून. पण पुढे पश्चिमेकडचा आणि पूर्वेकडचा एकच मानून आपल्या पक्ष्यालाही ‘आयबिस’ हेच चुकीचं नाव चिकटवलं गेलं. विणीत आपल्या पक्ष्याचा नारिंगी रंग गालांवर आणि गळ्यावरही येतो, पश्चिमेकडच्याचा तसा येत नाही. असे फरक लक्षात घेऊन गेल्या काही वर्षांत जगभरच्या पक्षीयाद्यांनी या दोन जाती वेगळ्या केल्या. आपल्या गायबगळ्याला कोरोमंडलचं नाव परत मिळालं. उशीर झाला, पण चूक दुरुस्त झाली.

आमच्या गावातही थोडी झाली. गेल्या वर्षी मे महिन्यात जमातीच्या बैठकीत चिंचेचा विषय पुन्हा आला. मी उभा राहून सांगितलं, की मागच्या अर्जावरची माझी सही चुकीची होती, आणि का ते सांगितलं. त्या मुलाचे अब्बाही बोलले. वाद झाला, कारण घाण खरी आहे आणि वासही खरा आहे. शेवटी ठरलं ते असं: पावसाळ्यात चिंचेला हात लावायचा नाही, जनाज्याची नमाज चार महिने पलीकडच्या बाजूला पढायची, आणि वाटेवर ताडपत्री बांधायची. ताडपत्रीचे पैसे मी दिले. जूनमध्ये पक्षी आले. खालच्या फांद्यांवर गायबगळे, वर लहान बगळे, एका टोकाला रातबगळे.

तो मुलगा आता नववीत आहे. त्याची जुनी वही मी मागून घेतली. समासातला माझा शेरा खोडला आणि खाली लिहिलं, ‘पाच प्रकारचे. बरोबर.’ आणि राहिलेला एक गुण दिला.